चौकेंच्या नावावर

"पुढे सातशे मीटर. डाव्या हाताला. बिबट्या, नर, वय सहा. चालतो आहे," गाडीतल्या पेटीने सांगितलं आणि मागच्या बाकावर केदार घैसासांनी आपली हातभर लांबीची लेन्स मुकाट डावीकडे वळवली.

मंजुषा नन्नावरेने गाडी वळवली. सातशे मीटरवर बिबट्या होता. पेटीने सांगितलं म्हणजे तो असणारच. कोवळ्या उन्हात तो गवतातून आला, रस्त्यावर थांबला, पाहुण्यांकडे एकवार पाहून पलीकडे गेला. घैसासांनी चाळीस फोटो काढले आणि कॅमेरा मांडीवर ठेवला.

"काय हो, आवडला नाही का?" त्यांच्या पत्नी मृदुलाताईंनी विचारलं.

"आवडला की. पण स्टेशनवर उभं राहावं आणि गाडी वेळेवर यावी, तसं वाटतं. कालपासून बावीस जनावरं झाली. एकही चुकलं नाही."

मंजुषा हसली. तिला या तक्रारीची सवय झाली होती. ती मूळची चंद्रपूरकडच्या मोहर्लीची, वडील ताडोब्याचे गाईड. तिच्या लहानपणी वाघ शोधणं म्हणजे कान टवकारून बसणं होतं. वानर खाकरलं, सांबर ओरडलं, की वडील जिप्सी बंद करायला सांगत आणि बोट तोंडावर ठेवत. तास तास काही दिसत नसे आणि मग एकदम दिसे. नऊ वर्षांपूर्वी ती दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर टोकाला, या खोरोमेच्या राखीव जंगलात आली, तीही अशीच शोधाशोध करायला. इथे काटेरी झुडपांचा मैलोगणती माळ, त्याला बुशवेल्ड म्हणतात. तीन वर्षं तिने तो मनापासून धुंडाळला. मग पाऊलजाळं आलं.

पाऊलजाळं म्हणजे जमिनीत हातभर खोल पुरलेला काचेचा तंतू, केसाएवढा बारीक, एकंदर अठराशे किलोमीटर. त्यातून सतत प्रकाशाचे ठोके जात असतात. वर कुणी पाऊल टाकलं की जमीन थरथरते, तंतू थरथरतो, ठोका किंचित बिघडून परत येतो. त्या बिघाडांवरून पलीकडचं यंत्र सांगतं की कोण चाललंय आणि कुठे. हत्तीपासून रानडुकरापर्यंत सगळ्यांच्या चालीची लय त्याला शिकवलेली होती. गाईडांचीही शिकवली होती. बारा गाईड, बारा बिल्ले, बारा लयी. यांच्याखेरीज, गाईडाच्या सोबतीशिवाय माणसाचं पाऊल पडलं तर भोंगा वाजायचा आणि पाच मिनिटांत डोक्यावर ड्रोन यायचा. सहा वर्षांत खोरोमेत एकही शिकार झाली नव्हती.

फक्त गेंड्यांसाठी हे सगळं दोन वर्षं उशिरा आलं. त्यांच्या गळ्यात कॉलर बांधल्या होत्या, त्यांचे ठावठिकाणे दाखवणारा नकाशा कुणीतरी फोडला आणि एका हिवाळ्यात सगळे गेंडे मारले गेले. जाळं पुरलं तेव्हा त्याला गेंड्याची लय शिकवलीच नाही. नसलेल्या जनावराची कशाला शिकवायची?

"आज तुझं लक्ष नाही मंजुषा," मृदुलाताई म्हणाल्या. "मघापासून तीनदा घड्याळ पाहिलंस."

"नऊ वाजता ऑफिसात एकाची चौकशी आहे, काकू."

"तुझी?"

"माझी असती तर बरं झालं असतं."

चौकशी होती रिसिमाती चौकेंची. चौके अडुसष्ट वर्षांचे, तिथल्याच शांगान लोकांतले, खोरोमेचे पहिले मागकाढे, बिल्ला क्रमांक एक. मातीवरचा माग वाचायला मंजुषाला त्यांनी शिकवलं. ठसा नेहमी आपल्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवायचा, म्हणजे कडेची सावली दिसते. मागावर पाय द्यायचा नाही, कारण कदाचित परत यावं लागेल. आणि ज्याचा माग काढतोय त्याच्यासारखं चालून पाहायचं, मग तो कुठे दमला असेल ते कळतं. रानरेड्याने गुडघा फोडल्यापासून ते काठी घेऊन चालत. काठी, डावा पाय, उजवा पाय, मग क्षणभर थांबा, पुन्हा काठी. अंगणातून आले तरी न बघता ओळखू येत.

गेल्या दोन महिन्यांत पाऊलजाळ्याने अकरा वेळा नोंद केली होती की चौके भल्या पहाटे उत्तर पट्ट्यात फिरत होते. उत्तर पट्टा तीन वर्षांपासून माणसांना बंद होता. तिथे पायी जायला कुणालाच परवानगी नव्हती. एका वयस्क माणसाला पहाटे तिथे काय काम असावं, याचं एकच उत्तर लोकांच्या मनात आलं आणि कुजबुज सुरू झाली, की चौके बाहेरच्या कुणाला तरी वाटा दाखवतायत.

काल तिन्हीसांजेला मंजुषा त्यांच्या खोपीवर गेली होती. "ततना," तिने विचारलं. तिकडच्या शांगान भाषेत वडीलधाऱ्या माणसाला अशी हाक मारतात. "तुम्ही गेला होतात का तिथे?"

"जाळं सांगतंय ना?"

"मी तुम्हाला विचारतेय."

चौके काठीने मातीत रेघा ओढत राहिले. "मी उद्या काही बोलणार नाही. तूही बोलू नकोस."

"बिल्ला गेला तर तुम्हाला कुंपणाबाहेर जावं लागेल. चाळीस वर्षांनी. चोरांचा माणूस म्हणून."

"माहीत आहे," चौके म्हणाले आणि तिला शेंगा खायला दिल्या. ती रागारागाने उठून आली. रात्रभर तिला वाटत राहिलं की आपण ज्याला देवमाणूस समजलो तो खरंच तसा आहे ना? असं वाटल्याची लाजही वाटत राहिली.

पावणेआठला तिने कॉफीसाठी गाडी थांबवली. बॉनेटवर रुमाल पसरून डबे मांडले. समोर कोरडी नदी होती आणि नदीपलीकडे उत्तर पट्टा. मृदुलाताई पेला घेऊन काठावरच्या एका झुडपापाशी गेल्या. मिरजेला त्यांची गुलाबांची मोठी बाग होती आणि कुठल्याही पर्णसंभाराला हात लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"मंजुषा, इथे माळी ठेवलाय का गं तुम्ही?"

"माळी? इथे?"

"मग ही छाटणी कुणी केली? बघ, कशी तिरपी कापलीय. मी गुलाब असाच कापते, कात्रीने."

मंजुषा पेला घेऊनच गेली. झुडपाच्या बोटभर जाडीच्या सात-आठ काटक्या एकाच उंचीवर, एकाच तिरक्या कोनात सफाईने तोडलेल्या होत्या. हत्ती फांदी पिळून तिचा चोथा करतो. हरणं पानं ओरबाडतात. असा काप जगात एकच जनावर घेतं.

तिने हातातला पेला तिथेच वाळूत ठेवला.

"काय झालं गं?"

"थांबा जी काकू. हलू नका."

ती गुडघ्यांवर बसली. ऊन अजून तिरपं होतं. ठसा तिने आपल्या आणि सूर्याच्या मध्ये घेतला. तीन बोटं, पानासारखा रुंद तळवा. तिथून पुढचा. मग त्याच्या पुढचा. चौथा पाय मात्र कुठेच नव्हता. पुढच्या उजव्या पायाच्या जागी वाळूवर नुसता ओरखडा होता, अधूनमधून. एखाद्या जुन्या, विसरलेल्या तारेच्या फाशात हल्लीच सापडलेला पाय असा उचलून धरावा लागतो. काळ्या गेंड्याची मादी, पूर्ण वाढलेली, आज पहाटेची. मागाच्या कडा अजून ओघळल्या नव्हत्या.

ती त्या मागाशेजारून तशीच चालून पाहू लागली. एक, दोन, तीन, आणि थांबा. एक, दोन, तीन, आणि थांबा. सहाव्या पावलाला ती जागच्या जागी उभी राहिली.

काठी, डावा, उजवा, आणि थांबा.

"घैसास सर," ती म्हणाली, "तुम्ही टेलिफोन खात्यात होते ना जी? हे काचेचे तंतू पुरायचे?"

"तेहेतीस वर्षं."

"पंचवीस मणाचं जनावर लांबून चाललं आणि हलका माणूस तंतूच्या अगदी जवळून, तर तंतूला फरक समजते का?"

घैसासांनी विचार केला. "एकच तंतू असेल तर कठीण आहे. लांबचा जड धक्का आणि जवळचा हलका धक्का सारखाच पोचतो. वजन कळत नाही. लय मात्र पक्की कळते."

"आणि शिकवलेली नाही अशी लय आली तर?"

"जी सगळ्यांत जवळची शिकवलेली असेल तिच्या खात्यात टाकतं. यंत्राला 'माहीत नाही' म्हणता येत नाही, हो. साहेबांसारखंच."

मंजुषाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. चौके उत्तर पट्ट्यात गेलेच नव्हते. जाळ्यात त्यांच्या नावावर भलतीच कुणीतरी चालत होती, आणि मागकाढ्या म्हाताऱ्याला ते कळलं होतं. आपल्यावरच्या अकरा नोंदी पाहिल्या, त्यांची लय मनाशी म्हणून पाहिली, की त्यांना दुसरं काय कळणार? एका वाक्यात सुटका होती. ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, कारण खोरोमेच्या गाईडांचा एक रिवाज होता. गेंड्याचं नाव घ्यायचं नाही. रेडिओवर नाही, जेवताना नाही, बायकोजवळही नाही. ज्या हिवाळ्यात गेंडे गेले, त्या हिवाळ्यापासून हा रिवाज कुणी मोडला नव्हता. जिथे नाव पोचतं तिथे बंदूक पोचते, एवढं त्यांना समजलं होतं. आणि आपण या माणसावर रात्रभर संशय घेतला! मंजुषाने स्वतःला मनातल्या मनात मोहर्लीच्या भाषेत दोन शिव्या घातल्या.

आता प्रश्न तिचा होता. ऑफिसात जाऊन सांगावं तर नाव घ्यावं लागणार. जाळ्याच्या नोंदी एकट्या खोरोमेत राहत नव्हत्या. देणगीदार, विमावाले, तीन सरकारी खाती, मिळून चाळीसएक पडद्यांवर त्या दिसत. चौकशीचं टिपणही तिथेच जाणार. फोटो काढून न्यावा तर फोटोला आता कोण विचारतं? कुणाच्याही फोनला सांगितलं की तो डायनासोरसुद्धा जिवंत करून देतो. चित्र हा पुरावा राहिलाच नव्हता. चौकशीत एकाच साक्षीदाराचा शब्द चालणार होता, तो म्हणजे पाऊलजाळ्याचा.

मग जाळ्यालाच बोलतं करायला हवं, तिने ठरवलं.

"नऊला ततना ऑफिसात खुर्चीवर बसतील," तिने दोघांना सांगितलं. "त्याच वेळेस ही बाई चालली पाहिजे. पण उन्हं चढली की ती सावलीत बसते, मग चालत नाही. मला नदीपलीकडे जावं लागते. तिथे जायला बंदी आहे, माझाही बिल्ला जाऊ शकते. तुम्हाला गाडीत एकटं सोडता येत नाही. म्हणून विचारून राहिली."

घैसासांनी पत्नीकडे पाहिलं. मृदुलाताईंनी डबे भरायला घेतलेही होते. "विचारते काय? चल ना!"

नदी ओलांडून ते एकामागे एक चालले. पुढे बंदूक घेऊन मंजुषा, मध्ये मृदुलाताई, शेवटी लेन्स छातीशी धरून घैसास. दर पन्नास पावलांवर मंजुषा कमरेची राखेची पुरचुंडी झटकायची आणि राख कुठे जाते ते पाहायची. गेंड्याला दिसतं कमी, पण वास दूरवरचा येतो. राख मागे येत होती. वारा अजून त्यांच्या बाजूने होता.

आठ पन्नासला रेडिओ खरखरला. "मांजू, तू उत्तर पट्ट्यात आहेस. पाहुण्यांसकट." लेराटो मोलेफे बोलत होत्या, खोरोमेच्या प्रमुख. सरळ बाई, पण नियमाच्या पक्क्या. "वेड लागलंय का तुला?"

"मॅडम, उत्तर पट्टा मोठ्या पडद्यावर उघडा ठेवा. आणि ततनांना समोरून उठू देऊ नका. बस, एवढंच."

"का?"

"ते बोलता येत नाही."

मोलेफेबाईंनीही कधीकाळी गाईड म्हणूनच सुरुवात केली होती. "वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "मग मी ड्रोन पाठवते आणि तुझाही बिल्ला काढून घेते."

माग एका शिळांच्या टेकाडापाशी आला. मंजुषाने पाहुण्यांना वर चढवलं. गेंडा असे दगड चढत नाही. घैसास वर पालथे पडले, लेन्स टेकवली, आणि त्यांच्या तोंडून 'अगं आई गं' एवढंच निघालं.

खाली दीडशे पावलांवर, एका काटेरी झाडाच्या सावलीत ती बसली होती. काळसर, मातीने माखलेली, दोन शिंगांची, टोकदार वरचा ओठ हलवत रवंथ केल्यासारखी काडी चघळणारी. पाठीवर चार तांबड्या चोचीचे पक्षी. आठ वर्षं जिचं नाव कुणी घेतलं नव्हतं ती पहुडली होती आणि कान हलवत होती. मृदुलाताईंनी मंजुषाचा हात घट्ट धरला. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघींनाही ते पुसायचं सुचलं नाही.

नऊ वाजून चार मिनिटं झाली. बाई उठायचं नाव घेईना. बसलेल्या गेंड्याला पाऊल नसतं, आणि पाऊल नाही तर जाळ्याला काही ऐकू येत नाही.

"तुम्ही दोघं इथून उतरायचं नाही. काही झालं तरी," मंजुषा म्हणाली आणि बंदूक पाठीला लावून खाली उतरली.

उभ्या आयुष्यात तिने जे कधी केलं नव्हतं ते तिला आज करायचं होतं. वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला जायचं होतं. ती लांबून वळसा घालून पलीकडे गेली. जवळ चढता येईल असं एकच झाड होतं, तेही बाभळीच्या सख्ख्या बहिणीसारखं, अंगभर काटे. ती त्याच्या बुंध्याशी उभी राहिली आणि राख झटकली. राख गेंड्याच्या दिशेने तरंगत गेली.

"ऊठ बाई," ती पुटपुटली. "ऊठ आता. तुझ्यापायी म्हातारा घालवून राहिलो आम्ही."

पक्षी कर्कश ओरडत उडाले. पुढच्या क्षणी गेंडा उभा होता, आणि त्याच्या पुढच्या क्षणी तो यायला लागला होता. लंगडं जनावर किती वेगाने येऊ शकतं याचा मंजुषाचा अंदाज साफ चुकला. ती झाडावर कशी चढली ते तिला नंतरही आठवलं नाही. हातात, मांडीत आणि इतरत्र घुसलेले काटे मात्र तीन दिवस आठवण देत राहिले. गेंडा फुसफुसत बुंध्याला घासून गेला, वीस पावलांवर थांबला, वळला. नाक वर करून त्याने वास घेतला. मग, जणू एवढं पुरे, अशा थाटात तो उत्तरेकडे चालू लागला. एक, दोन, तीन, आणि थांबा.

रेडिओ खरखरला.

"मांजू, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता. आणि तुझ्याजवळ..." मोलेफेबाईंचा आवाज अडखळला. "तुझ्यापासून साठ मीटरवर चौके आहेत."

"कोण?"

"चौके. पडद्यावर नाव येतंय. बिल्ला क्रमांक एक. उत्तरेकडे चाललेत."

"आणि तुमच्या समोरच्या खुर्चीत कोण आहे, मॅडम?"

मंजुषाने डोळे मिटले. ते ऑफिस तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. लांब टेबल, टेबलाशी पाच गंभीर माणसं, भिंतीवरचा पडदा, पडद्यावर लंगडत चाललेला हिरवा ठिपका, आणि खुर्चीत हाताची घडी घालून बसलेला म्हातारा.

"खुर्चीतही चौकेच आहेत," मोलेफेबाई अगदी हळू म्हणाल्या. "चहात टोस्ट बुडवतायत." आणि मग, एकदम करड्या आवाजात, "रेडिओ बंद कर, मांजू. आता एक शब्दही बोलू नकोस."

त्यांना कळलं होतं. मंजुषाने काट्यांवर बसल्याबसल्या रेडिओ बंद केला आणि मोठ्याने हसायला लागली. टेकाडावरून घैसास दोन्ही हात हलवत होते. बासष्ट वर्षांचा तो माणूस शिळेवर उभा राहून चक्क नाचत होता.

ती ऑफिसात पोचली तेव्हा बाकीची माणसं गेली होती. चौकशी रद्द झाल्याचं, नोंदींत यंत्राची चूक असल्याचं त्यांना सांगितलं होतं. चौके मात्र उठले ते काठी उगारून.

"बोललीस तू?"

"एक शब्दही नाही, ततना. विचारा मॅडमना."

"नाही बोलली," मोलेफेबाई म्हणाल्या. "तिने नाव घेतलं नाही. मी घेतलं नाही. तुम्हीही घेऊ नका."

चौकेंनी उगारलेला हात खाली घेतला. मग काठी टेबलाला टेकवून त्यांनी मंजुषाचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "कशी आहे ती?" त्यांनी तिच्या कानात विचारलं. त्यांनी नुसता मागच पाहिला होता, तोही नदीच्या अलीकडच्या काठावर. मंजुषा सांगत गेली, कान, ओठ, पाठीवरचे पक्षी, आणि म्हातारा बालवाडीतल्या पोरासारखा ऐकत राहिला.

आता यंत्राला ही नवी लय शिकवायची की नाही, हे ठरवायचं होतं. शिकवली तर चाळीस पडद्यांवर दुसऱ्या मिनिटाला नाव झळकणार. मोलेफेबाईंनी पेन उघडलं. "मी असं लिहिते की बिल्ला क्रमांक एक यांना उत्तर पट्ट्यात पायी गस्तीची परवानगी आहे. कुठल्याही वेळी. एकट्याने. आजपासून. म्हणजे यापुढच्या नोंदी बरोबरच ठरतील."

"आणि खरंच गस्त घालायची का मी?" चौकेंनी विचारलं.

"खबरदार नदी ओलांडाल तर. तुम्ही घरी झोपायचं. ड्यूटी ती करेल."

राहता राहिले घैसास. त्यांच्याकडे चारशे फोटो होते आणि त्यातला एक तर असा की जन्मभर कॅमेरा गळ्यात घातल्याचं सार्थक व्हावं. मंजुषाला काही बोलायची वेळच आली नाही. "दिवाणखान्यात लावणार मी हा," ते म्हणाले. "येणारा जाणारा म्हणेल, छान बनवलाय हो, कुठल्या यंत्राने केला? मी म्हणेन, आहे एक. लोकांना हा खोटा वाटतोय तोवर ती सुरक्षित आहे." आणि विमानात बसेपर्यंत ते स्वतःशीच हसत होते.

पाच महिने चौके रोज पहाटे उत्तर पट्ट्यात फिरले, आणि रोज पहाटे आपल्या खोपीत घोरत पडले. चाळीस पडद्यांवर लोक त्या हिरव्या ठिपक्याचं कौतुक करू लागले. या वयात केवढा उत्साह, म्हणाले. एका देणगीदाराने तर त्यांना बूट पाठवले.

मग एका सकाळी मोलेफेबाईंनी दोघांना तातडीने बोलावून घेतलं. पडद्यावर भोंग्याची लाल चौकट लुकलुकत होती. बिल्ला क्रमांक एकच्या मागे, अगदी पावलाला पाऊल लावून, दुसरं कुणीतरी चाललं होतं. हलकं, घाईघाईचं, मध्येच धावणारं, मध्येच थांबणारं. यंत्राला ती चाल कुठल्याच खात्यात टाकता आली नव्हती. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याने कबूल केलं होतं: अनोळखी.

मग मोलेफेबाई, ज्यांना कुणी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, त्या टेबलावर थापा मारून हसायला लागल्या. मंजुषाने चौकेंना उचलायचा प्रयत्न केला आणि दोघंही खुर्चीत कोसळले. "पोर!" चौके ओरडत होते. "पोर आहे! चार पायांचं! चारही धड आहेत, ऐका!"

भोंगा बंद केला. पडद्यावर चौकट आली, नवीन बिल्ला, नाव लिहा. मोलेफेबाईंनी 'शिकाऊ गाईड' असं लिहून टाकलं आणि लाल चौकट हिरवी झाली.

चौके एव्हाना खुर्चीत सावरून बसले होते. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"पंधरा महिने पोटात असतं," ते म्हणाले.

"मग?"

"मग बाप कुठे आहे?"

मंजुषाने पडद्याकडे पाहिलं. खोरोमेत आज सकाळी चालणाऱ्या प्रत्येक जनावराचा तिथे एकेक ठिपका होता. एकट्याने फिरणारे म्हातारे रानरेडे, कळपाने हाकललेले हत्ती, जिराफ, सगळे. प्रत्येकापुढे नाव होतं. सहा वर्षं रोज ती ही नावं वाचत आली होती आणि एकाही नावावर तिने कधी संशय घेतला नव्हता. तिने यादी अगदी वरून उघडली. चारशे बारा नावं होती. गेंड्याचा तो नर यांतल्या कुणाच्या नावावर फिरत असेल?